शेवटून पहिला

फार वर्षांमागे घाटातून मिठाच्या गोण्या वाहणारा बैलांचा एक तांडा होता. म्होरक्या थकला, तेव्हा त्याची घंटा सगळ्यात मागे चालणाऱ्या कबऱ्याच्या गळ्यात आली.

"जन्मभर शेपट्या बघत चाललेला हा वाट दाखवणार?" दांडगा तांबड्या फणफणला आणि रुसून शेवटी जाऊन उभा राहिला.

ओढ्यात तांबड्याचा पाय दगडांत अडकला. पाणी गोणीला लागलं. बाकीचे पार झाले होते. आता निघून जातील, असं त्याला वाटलं; पण घंटेचा आवाज काही दूर जाईना. धडपडत तो काठावर आला, तर कबऱ्या तिथंच उभा.

"थांबलास कसा रे?"

"ओढा ओलांडून पुढचे निघाले की मागच्याला किती धावावं लागतं, ते मला ठाऊक आहे. दम खा, मग निघू."

त्या दिवसापासून तांबड्या रुसवा नसतानाही शेवटीच चालू लागला.