सांध्यांतला चुना

"बाबा, ठरलेलं लग्न मोडलं तर पाप लागतं का?"

मुरारबाबा शेंगा सोलत बसले होते. मठातल्या त्यांच्या खोलीत दुसरं कुणी नव्हतं. लग्नाची तारीख धरण्याआधी दोघांनी बाबांच्या पाया पडून यायचं, ही त्या गावची रीत. तेवढ्यासाठीच गजेंद्र सुलक्षणाला घेऊन आला होता. पण तिला ओसरीवर बसवून तो एकटाच आत शिरला.

"का मोडतोस?"

गजेंद्र कॉलेजात शिकवणारा. त्याने तपासणीचा कागद पुढे केला.

"आमच्या घराण्यात सांध्यांत चुना साठतो. मणक्यांतही. आजोबांचे गुडघे चाळिशीत धरले. वडिलांची पाठ पन्नाशीत काठीसारखी झाली. दोष जनुकात आहे, बाबा. माझ्यातही निघाला. मूल झालं, तर त्याला येण्याची शक्यता निम्मी."

"निम्मी... म्हणजे न येण्याचीही निम्मीच की."

"थट्टा करू नका."

"बरं, नाही करत. तिला विचारलंस?"

"तिला त्यातलं काय कळणार? अभ्यास मी केलाय."

"मग माझ्याकडे कशाला आलास?"

गजेंद्रने दाराकडे नुसती मान वळवली. सुलक्षणाची नजर भेटली, तशी लगेच फिरवली.

बाबांनी सूप बाजूला सारलं. दोन्ही हात जमिनीला टेकले. आधी एक पाय, मग दुसरा, मग सगळं अंगच त्यांनी सावकाश दाराकडे फिरवलं.

"ये ग पोरी, आत ये. याला तुला काही सांगायचंय."

ती येऊन बसली. गजेंद्रने कागदात डोळे घालूनच सगळं सांगून टाकलं.

...

"हे होय?" ती म्हणाली. "बघायला आलात, तेव्हा तुमच्या वडिलांना आमच्या ओट्याच्या तीन पायऱ्या चढायला किती वेळ लागला, ते मी खिडकीतून बघत होते. आईला म्हटलं, सतरंजी राहू दे, खुर्ची टाक."

"आणि... मुलाचं?"

"भीती वाटते. वाटणारच. पण डॉक्टरांकडे दोघं मिळून गेलो असतो ना. एकटेच काय विचारून आलात?"

गजेंद्रने बाबांकडे पाहिलं. ते अजून तसेच, तिच्याकडे तोंड करून बसले होते.

"बाबा, तुमची मान..."

"वीस वर्षं झाली, वळत नाही," बाबा म्हणाले. "ज्याच्याकडे बघायचं, त्याच्याकडे सगळ्या अंगालाच वळावं लागतं."