कोळवडची येरझाऱ्यांची वाट

कोळवडच्या मागच्या डोंगरावर चढलात की माथ्यावर एक वाट दिसेल. ती कुठेच जात नाही. पूर्वेच्या कड्यापासून निघते आणि पश्चिमेच्या कड्याशी संपते. पावसाळ्यात माथा गुडघाभर गवताने भरतो, पण त्या वाटेवर काडी उगवत नाही. दमलेले पाहुणे तिथे टेकायला बघतात, तेव्हा देवळाचे गुरव महादूबाबा लगेच हटकतात. बसायचं तर खाली देवळात बसा म्हणतात, आणि मग ही गोष्ट सांगतात.

फार पूर्वी, म्हणे, राज्यात काका-पुतण्यांची गादीवरून लढाई जुंपली. कोळवडचे देशमुख हैबतराव पेचात पडले. हरणाऱ्याची बाजू घेतली तर वाडवडिलांचं वतन बुडणार, आणि जिंकणार कोण हे ब्रह्मदेवालाही ठाऊक नव्हतं. त्या काळी सरदारांची एक शहाणी रीत होती, शहाणी म्हणजे त्यांच्या मते. एक मुलगा या पक्षात धाडायचा, दुसरा त्या पक्षात. कुणीही जिंको, वतन घरातच. हैबतरावांनी थोरल्या खेळोजीला काकाकडे आणि धाकट्या रंभाजीला पुतण्याकडे पाठवायचं ठरवलं.

"दोन शेतांत पेरलं की एक तरी पिकतं," त्यांनी पत्नीला, सगुणाऊंना समजावलं.

"उगवलेलं उपटून पेरताय तुम्ही," त्या म्हणाल्या.

पण ऐकतो कोण? दसऱ्याला, सीमोल्लंघनाच्या मुहूर्तावर, थोरला पूर्वेच्या वेशीतून गेला, धाकटा पश्चिमेच्या. जाताना सगुणाऊंनी एक पिवळा शेला मधोमध फाडून दोघांच्या दंडांना बांधला, भावाने भावाला ओळखावं म्हणून.

तेव्हापासून हैबतरावांचं बूड एका जागी ठरेना. भरल्या ताटावरून उठायचे, पूजेतून उठायचे आणि डोंगर चढायचे. पूर्वेच्या कड्यावरून काकाची छावणी दिसे, पश्चिमेच्या कड्यावरून पुतण्याची. थोरल्याकडे बघावं तर धाकट्यासाठी जीव तुटायचा, धाकट्याकडे धावावं तर थोरल्यासाठी. दोघांनाही माघारी बोलवावं, असं कितीदा ओठांवर आलं. पण मग दोन्ही पक्ष उलटणार, वतन जाणार. तो शब्द गिळून ते पुन्हा चालायला लागायचे.

अखेर दोन्ही फौजा डोंगराखालच्या नदीपात्रात भिडल्या. हैबतराव वरून बघत होते. धुरळ्यात त्यांना दोन पिवळे शेले समोरासमोर आलेले दिसले. भावांनी एकमेकांना ओळखलं आणि तलवारी खाली टाकल्या. शत्रूपुढे हत्यार टाकतो तो फितूर, एवढंच दोन्हीकडच्या लोकांना कळलं. दोघांनाही त्यांच्याच माणसांनी पाठीमागून भाले घातले.

पुढे काका-पुतण्यांचा तह झाला. एका पंगतीला बसून जेवलेसुद्धा. कोळवडच्या देशमुखीला कुणी हात लावला नाही. सगुणाऊ त्या दिवशी पहिल्यांदाच डोंगर चढल्या आणि नवऱ्याला म्हणाल्या, "बसा आता. वतन राहिलं तुमचं."

हैबतरावांना बसता आलं नाही. मरेपर्यंत ते या कड्यावरून त्या कड्यावर चालत राहिले, असं सांगतात.

आजही कोळवडची पश्चिमेची वेस चिणलेली आहे. दसऱ्याला सारं गाव एकाच वेशीतून सीमोल्लंघनाला जातं, सख्खे भाऊ एकाच शेल्याची दोन टोकं धरून. बाप मागे थांबतो. गुडघे धरलेल्या एखाद्या म्हाताऱ्याला कुणी पाट सरकवला, तरी तो पाटाकडे बघत नाही. सगळे लेक वेशीतून आत आलेले दिसेपर्यंत उभाच राहतो.