सोळा आणे पक्कं

सुर्व्यांच्या घरात एका नियमावर प्रश्न विचारायचा नाही, हे मनवाला पाळण्यात असल्यापासून सांगितलेलं होतं. सोळा आणे पक्कं झाल्याशिवाय वस्तू घ्यायची नाही! सोळा आणे म्हणजे पुरा रुपया, तसूभरही शंका नको. या नियमापायी दिनूकाका बोहल्यावर शेजाऱ्याचा कोट घालून उभा राहिला होता. लग्न मोडलं तर शिवलेला कोट वाया जाईल ना!

आता पाळी आली मनवाच्या लॅपटॉपची.

पुण्याच्या एका डिझाइन कॉलेजात तिला जागा मिळाली होती. येत्या सोमवारपासून दीड महिना तयारीचा वर्ग. घरबसल्या, पण लॅपटॉपवर. जो हजर राहणार नाही त्याची जागा प्रतीक्षा यादीतल्या पुढच्याला! पत्रात तसं ठळक अक्षरांत छापलं होतं.

मनवाचे आजोबा, अण्णा, हापूसच्या चारशे कलमांचे मालक. वडील बोटीवर असल्यामुळे घरात शेवटचा शब्द अण्णांचा. खरं तर पहिलाही त्यांचाच. त्यांनी आख्ख्या पत्रातून एकच शब्द उचलला.

“प्रवेश तात्पुरता आहे.”

“सगळ्यांचाच तात्पुरता असतो अण्णा, बारावीचा निकाल लागेपर्यंत!”

“मग लागू दे निकाल.”

“तो महिनाअखेरीला. तोवर माझी जागा जाईल!”

“जागा गेली तर लॅपटॉप लागणारच नाही. बघ, वाचला की नाही खर्च?”

“निकालानंतर हॉस्टेल मिळू दे,” दिनूकाका म्हणाला. “मग कॉलेज आवडतंय का, तेही बघू.”

“मग डिग्रीही मिळू दे!” मनवा म्हणाली. “म्हणजे कसं, सोळा आणे पक्कं!”

“मोठ्यांना उलट बोलू नये गो,” कुसुमआत्या पुटपुटली.

अण्णांनी पत्राची घडी घातली. “माझी रीत चुकीची आहे, असं सत्तर वर्षांत मी म्हटलेलं नाही. तू माझ्याच तोंडून वदवून दाखव. त्याच दिवशी लॅपटॉप!”

“सोमवारच्या आत?”

“सोमवार कसला, सात जन्म घे!”

दुसऱ्या दिवशी चिपळूणला नात्यातलं लग्न होतं. अण्णा, काका आणि आत्या पहाटेच निघाले. वाशीच्या बाजाराचा टेम्पो पाचला यायचा होता.

“वीस पेट्या भरून ठेव,” अण्णांनी मनवाला बजावलं. “धनावडे गडी घेऊन येईल. आजची तोडणी तुझ्यावर.”

“आणि घराची रीत?”

“ती मोडायची नाही! मी असो वा नसो!”

“बरं, अण्णा,” मनवा इतक्या नम्रपणे म्हणाली, की अण्णांना तिथेच संशय यायला हवा होता.

तीनला तिघं परतले. बघतात तर गडी कलमांच्या सावलीत पत्ते खेळत बसलेले! आंबे उतरवायचे झेले बुंध्यांना टेकवलेले. पेट्या रिकाम्या!

“धनावडे! संप केलात की काय?”

“आमचा नाही ओ अण्णा. ताईंचा!”

मनवा हातात ताटली घेऊन पुढे आली.

“आंबे कुठायत गो?” अण्णा कडाडले.

“झाडावर.”

“का?”

“पक्के नाहीत. सकाळपासून एकेक कलम बघितलं. सगळे चौदा आणे तयार. सोळा आणे पक्का असा एकच सापडला.” तिने ताटली पुढे केली. आंबा वरून पडून फुटलेला, रसात मुंग्या. “हा बघा. पक्का झाला नि पडला.”

“अगं, आंबा चौदा आण्यालाच उतरवतात! उरलेले दोन आणे तो आढीत पिकतो, पेंढ्यात! शेंबडं पोरसुद्धा सांगेल!”

“पण पिकेलच कशावरून? सडला तर?”

“खांदे भरलेत, देठ खोल गेलाय, एवढं दिसलं की झालं! चार सडतील म्हणून वीस पेट्या घालवायच्या?”

“चार सडतील? म्हणजे प्रकरण तात्पुरतंच की हो, अण्णा!”

दिनूकाकाला ठसका लागला. तेवढ्यात वळणावर टेम्पोचा हॉर्न वाजला. आज नेमका वेळेआधी! अण्णांचा धीर सुटला.

“धनावडे, चढा झाडावर!”

गडी उठले. मनवा त्यांच्या वाटेत आडवी उभी राहिली. “कोणी चढायचं नाही! आजची तोडणी माझ्यावर आहे आणि रीत मोडायची नाही!”

“खड्ड्यात गेली रीत!” अण्णा गरजले. “सोळा आण्यांची वाट बघत बसतो तो महामूर्ख! त्याच्या हाताला काय लागतं? मुंग्या!”

धनावड्याच्या हातातला झेला खाली आला. आत्याने तोंडाला पदर लावला. दिनूकाका आभाळाकडे बघू लागला.

“अण्णा,” मनवा हळूच म्हणाली, “हे आता कोणाच्या तोंडून आलं?”

अण्णा लालबुंद झाले. घसा खाकरला. चष्मा काढून पुसला, पुन्हा चढवला. “बरं. घेऊ लॅपटॉप. पण निकाल लागेपर्यंत खोक्यातच राहील. सील फोडायचं नाही!”

“नाही!” मनवा म्हणाली. “वर्गात मी बसणार आहे, खोका नाही. सील फोडू देणार असाल तर घ्या, नाहीतर मला नको. आणि आंबे तुमचे तुम्ही मोजा. झाडावरचे!”

आत्या जमिनीकडे बघत होती, काका आत्याकडे. अण्णा नातीकडे. टेम्पोवाला हॉर्न वाजवून थकला.

आणि अण्णांना हसू फुटलं. आधी मिशीत, मग पोटातून! हसता हसता त्यांना एका पेटीवर बसावं लागलं.

“फोड गो सील! चढा रे वर! सगळे चौदा आणे उतरवा! दिनू, पेट्या भरल्या की टेम्पोतूनच रत्नागिरीला उतर आणि लॅपटॉप घेऊन ये.”

“मी काय म्हणतो अण्णा,” दिनूकाका म्हणाला, “आधी चार दुकानं बघतो, भाव काढतो, दसऱ्याला काही सूट असेल तर...”

“हिला बरोबर ने! ही बोट ठेवेल तो घ्यायचा!” अण्णा डोळे पुसत म्हणाले. “तू फक्त खोका उचल!”