बिनविसणाचं पाणी

एकदा काय झालं, पौषातली वद्य पंचमी होती, वार मंगळवार. सकाळपासून बर्फ पडत होतं, पिंजलेल्या कापसासारखं, आणि वारा अगदी पडलेला. कुठे म्हणता? इथे नव्हे. सात समुद्रांपलीकडे जपान देश आहे ना, तिथल्या एका डोंगरात.

त्या डोंगरात होती एक सराई. लाकडाची, कागदाच्या दारांची. मागे दगडी कुंड, आणि कुंडात डोंगराच्या पोटातून येणारं कढत पाणी. ना चूल, ना बंब, पण बारा महिने वाफा. लोक लांबून यायचे, त्या पाण्यात बसायचे, जेवायचे आणि गाढ झोपायचे. तुम्ही झोपता तसे नव्हे हं, खरंच झोपायचे.

तिथे त्या दिवशी आली आपली भागूकाकू. साताऱ्याकडची. तिची लेक तिकडे नोकरीला होती. लेक म्हणाली, "आई, त्या पाण्यानं तुझे गुडघे बरे होतील," आणि आईला सराईच्या दारात सोडून कामावर गेली. काकूला तिकडची भाषा कशी कळली? गोष्टीत कळते. मधे बोलायचं नाही.

सराई चालवायची किनुआजी. बुटकी, चपळ, लालचुटूक गालांची. तिनं काकूच्या चपला दाराशी नीट लावल्या, चहा दिला, आणि अंगात घालायला एक लांब सुती झगा दिला. लुगड्याची सवय असलेली काकू त्या झग्यात अवघडून उभी राहिली.

"डावी बाजू वर घे," किनु म्हणाली.

"आणि उजवी वर आली तर?"

"तशी आमच्याकडे मेलेल्या माणसाला घालतात."

"अगं बाई! मग डावीच. मला अजून पुष्कळ कामं आहेत."

किनूचा म्हातारा होता गेन्झो. थंडी पडली की त्याची बोटं आखडायची, मूठ काही केल्या उघडायची नाही. रोज तिन्हीसांजेला किनु त्याला कुंडात बसवायची. मग बोटं सुटायची, मग त्यांत जेवायच्या काड्या धरता यायच्या, मग म्हातारा जेवायचा. पण स्वतःच्या हातानं, बरं का. भरवलेला घास घ्यायचा नाही. मोठा मानी. म्हणजे कुंड नाही तर बोटं नाहीत, आणि बोटं नाहीत तर जेवण नाही. हे लक्षात ठेवा.

मग किनु काकूला कुंडावर घेऊन गेली. म्हणाली, "पाहुणीबाई, तीन गोष्टी ऐक. पहिली, आधी बाहेर बसून अंग स्वच्छ धुवायचं, मगच आत. पाणी सगळ्यांचं आहे."

"धुते."

"दुसरी, हळूहळू उतरायचं आणि हलायचं नाही. हललं की पोळतं. गप्प बसलं की तेच पाणी मायेनं जवळ घेतं."

"बसते गप्प."

"आणि तिसरी..."

तेवढ्यात आतून गेन्झोनं हाक मारली, आणि किनु धावली.

काकूनं अंग धुतलं. मग पायाचा अंगठा पाण्यात बुडवला. "आई गं!" अंगठा लगेच बाहेर. पाणी कसलं, आधणच ते. काकू इकडे तिकडे बघायला लागली. "एवढं कढत पाणी काढून ठेवलंय आणि विसण कुठे ठेवलंय या बाईनं?"

विसण माहीत आहे ना? कढत पाण्यात गार पाणी घालून बेतानं करायचं, ते विसण. आपल्याकडे विसणाशिवाय आंघोळ होते का कधी? नाही होत. मग काकूला दिसली बांबूची एक पन्हळ. वितळलेल्या बर्फाचं पाणी त्यातून कुंडाच्या बाजूनं वाहत होतं. काकूनं पन्हळीचं तोंड धरलं आणि वळवलं सरळ कुंडात. मग उतरली. "हं, आता कसं अंगाजोगं झालं!"

आणि डोंगराच्या पोटातून आवाज आला, "असं होय?"

बुडबुडे थांबले. वाफ गेली. बघता बघता पाणी इतकं गार झालं, की काकू कुडकुडत बाहेर आली. पन्हळ फिरवून पुन्हा होती तशी केली. पण पाणी गार ते गारच.

मग किनु आली, हातात एक लांब फळी घेऊन. कुंडाकडे बघितलं आणि तिथेच ओल्या दगडावर बसली. "तिसरी गोष्ट हीच होती गं," ती म्हणाली. "या पाण्यात गार पाणी नसतं घालायचं. गाणं म्हणत फळीनं घुसळायचं, म्हणजे ते आपणहून निवतं. डोंगराच्या चुलीवरचं पाणी आहे. आता तो रुसला."

त्या संध्याकाळी गेन्झोची मूठ उघडली नाही. किनूनं घास पुढे केला, म्हाताऱ्यानं तोंड भिंतीकडे फिरवलं. काकूनं ते बघितलं आणि आपलं ताट बाजूला सरकवलं.

"मी घालवलंय," ती म्हणाली, "मीच आणते."

"कसं आणशील?"

"ते मला अजून माहीत नाही. पण आणल्याशिवाय मी हा डोंगर उतरायची नाही."

दुसऱ्या दिवशी उजाडल्याबरोबर काकूनं सराईतली सगळी भांडी चुलीवर चढवली. आधण आलं की कुंडात ओतायचं, पुन्हा चढवायचं, पुन्हा ओतायचं. काही उपयोग नाही. कुंडानं सगळं गिळलं आणि गारच राहिलं.

मग तिनं पिशवीतून घरचा नारळ काढला. हळदकुंकू वाहिलं, तांदूळ वाहिले, नारळ सोडला, कुंडाची ओटी भरली. "चुकलं माझं," म्हणाली. तांदूळ बुडाले, नारळ तरंगला, पाणी ढिम्म.

"डोंगर रुसलाय ना, मग त्यालाच भेटते," म्हणत काकूनं फळी खांद्यावर टाकली आणि कुंडात येणाऱ्या झऱ्याच्या कडेनं डोंगर चढायला लागली.

"पाहुणीबाई, अगं तुझे गुडघे!" किनु ओरडली.

"गुडघे माझे आहेत, माझं ऐकतात!"

ऐकत नव्हते हो. प्रत्येक पावलाला ओरडत होते. बर्फ मांडीपर्यंत. काकू पडली, उठली. पुन्हा पडली, पुन्हा उठली. वाटेत लाल तोंडाची माकडं भेटली. तीही रोज त्याच पाण्यात बसायची. आता एकमेकांना बिलगून कुडकुडत होती.

"आली बघा, गार पाणीवाली!" एक म्हातारं माकड म्हणालं.

"आले, आले," काकू म्हणाली. "वाट दाखवतोस का नुसता दात दाखवतोस?"

माकडानं मुकाट्यानं वाट दाखवली.

वर होती एक गुहा. गुहेत चूल, आपल्या गावाएवढी. चुलीवर हंडा, तळ्याएवढा. चूल विझलेली. आणि राखेकडे पाठ करून बसला होता डोंगरम्हातारा, धुक्याच्या दाढीचा.

"कोण आहे?" त्यानं वळून न बघताच विचारलं. "इथे जिवंत माणूस येत नाही."

"डावी बाजू वर आहे माझी. बघा नीट."

म्हातारा वळला. झगा बघितला, फळी बघितली, काकूचे निळे पडलेले ओठ बघितले. "तूच ना माझ्या पाण्यात बर्फ ओतणारी? गार हवं होतं ना? घे गार!"

"चुकलं, बाबा. आमच्याकडे कढत पाण्याला विसण घालतात. तान्ह्या बाळाला घालतात, बाळंतिणीला घालतात. पाण्याला कमी लेखून नव्हे, माणूस पोळू नये म्हणून. पण घर तुमचं, तर रीतही तुमची. माझ्यापायी त्या गेन्झोला उपाशी ठेवू नका."

म्हाताऱ्यानं दाढीवरून हात फिरवला. मग म्हणाला, "रीत म्हणतेस ना? पाळून दाखव. मी जाळ करतो. हंड्यातलं पाणी एक थेंब गार न घालता निवव, आणि गळ्यापर्यंत बस. मी पुरे म्हणेपर्यंत उठायचं नाही. उठलीस, तर ही चूल कायमची विझली."

"करा जाळ," काकू म्हणाली.

मग आधी काय केलं तिनं? बरोबर! म्हाताऱ्याला पाठ फिरवायला लावली आणि बर्फानं घासून घासून अंग धुतलं. मग फळी धरली. घुसळायला लागली, इकडून तिकडे, तिकडून इकडे. पण गाणं कुठलं म्हणायचं? जपानी गाणं तिला येत नव्हतं. मग दळताना म्हणायची तशी तिनं ओवीच धरली. पहिली ओवी डोंगराला म्हटली. दुसरी किनूला. आणि तिसरी?

तिसरी माझी ओवी, आखडल्या बोटांसाठी,
उघडू दे मूठ, घासासाठी.

हात भरून आले, तरी थांबली नाही. पाण्याची उसळी बसली, तेव्हा फळी ठेवली आणि पाय आत घातला. पोळलं. दुसरा घातला. तोही पोळला. मग गुडघे, मग कंबर, मग गळ्यापर्यंत. डोळे मिटले आणि हलली नाही.

"पोळतंय का?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"पोळतंय."

"मग ऊठ."

"नाही उठत."

म्हाताऱ्यानं आणखी लाकूड सारलं. "पोळतंय का?"

"पोळतंय. पण उठत नाही."

काकूला खूप वाटलं पाय काढावा, खांदा हलवावा. दात आवळले, पण बोटसुद्धा हलवलं नाही. मग हळूच काय झालं, पाणी तिच्याभोवती निवांत बसलं, एखादं मांजर येऊन बसतं ना, तसं.

"पोळतंय का?" तिसऱ्यांदा विचारलं.

"नाही हो बाबा. ऊब लागतेय."

म्हातारा असा हसला, असा हसला, की डोंगरावरच्या सगळ्या झाडांवरचं बर्फ खाली पडलं. "पुरे!" म्हणाला. चूल पहिल्यासारखी धडधडायला लागली. आणि गुहेच्या तोंडाशी ताटकळलेली माकडं धपाधप हंड्यात पडली.

काकू डोंगर उतरली तर सराईवर ही एवढी वाफ. किनूनं गेन्झोला कुंडात बसवलं होतं आणि ती रडत होती आणि हसतही होती. काकूच्या हातातली फळी घेऊन तिनं भिंतीला टेकवली. मग सगळे सुखात राहिले. काकू राहिली, किनु राहिली, माकडं तर फारच सुखात राहिली.

आता गोधडी गळ्यापर्यंत घ्या. डोळे मिटा. हलायचं नाही, म्हणजे ऊब लागेल.

काय रे? गेन्झो जेवला का? जेवला. त्याच संध्याकाळी, स्वतःच्या हातानं, दोन वाट्या भात आणि वर मुळ्याचं लोणचं.