सुटलेला माल

एकदा एक शिष्य आपल्या गुरूकडे विनंती घेऊन गेला, आणि ती विनंती एवढीच होती की गुरूने काहीही करू नये.

गुरू म्हणजे कोणी शास्त्री-पंडित नव्हे. बंदराच्या गावातला तो एक वृद्ध लोहार होता. बांधकामावर जड ओझी वर चढवायला जी चेनकप्पी लावतात, तिचे हूक तो घडवीत असे. सारा गाव त्याला आप्पा म्हणे. आप्पांच्या हुकावर बेलाच्या पानाचा ठसा असायचा. बिलावर हमी लिहिलेली नसे. ते पान हीच हमी. ठसा असलेला हूक वाकला तर दुकानदाराने एक शब्द न विचारता बदलून द्यायचा आणि वाकलेला आप्पांकडे पाठवायचा, असा तिथला रिवाज होता. असा हूक क्वचित येई. आला की आप्पा तो हातात घेऊन बराच वेळ बसत आणि मग म्हणत, “वाकला, पण तुटला नाही. ज्याच्या डोक्यावर होता त्याला बाजूला व्हायला वेळ मिळाला.”

शिष्याचं नाव वामन. त्याची सारी उमेदवारी आप्पांच्या भट्टीवर गेली. घण आप्पांचा आणि शेवटी ठसा वामनचा, अशी दोघांत कामाची वाटणी होती. पुढे तो वेगळा झाला. वेगळ्या झालेल्या कारागिराने स्वतःचा ठसा करायचा, हा त्या धंद्याचा नियम. त्याप्रमाणे वामनने चक्राचा ठसा करून घेतला. पण गिऱ्हाईक त्याच्या दुकानात येई, चक्राचा हूक उलटासुलटा करून बघे, आणि विचारी, “पानाचा नाही का?”

हा प्रश्न रोज ऐकून मनुष्याच्या मनात काय साचत जातं, हे ज्याला तो विचारला जातो त्यालाच ठाऊक. वामनला वाटू लागलं, ते पान आयुष्यभर मारलं कोणी? या हातांनीच ना? मग ते एकट्या आप्पांचं कसं?

अशा वेळी एक व्यापारी त्याला भेटला. तो म्हणाला, “नमुना द्या शेठ. परदेशात हुबेहूब करून देतात. रंग, वजन, ठसा, सगळं. मी फक्त गाठ घालून देतो. कागद तुमच्या नावानं होतील. नफाही मग तुमच्याच नावानं येईल.”

पहिली खेप लहान होती. बंदरात आलेली प्रत्येक पेटी काही उघडली जात नाही; ती खेप सुखरूप सुटली आणि गावोगावच्या दुकानांत गेली. दुसऱ्या खेपेला वामनने पूर्ण कंटेनर मागवला. तो मात्र कस्टमवाल्यांनी उघडला. पूर्वी कधीतरी बनावट हूक बाजारात आले होते, तेव्हा एका वकिलाच्या सल्ल्याने आप्पांनी आपला ठसा कस्टमकडे नोंदवून ठेवला होता. वामनला याची गंधवार्ता नव्हती. माल अडकला. व्यापाऱ्याला फोन केला तर तो म्हणाला, “मी काय केलं? मी ओळख करून दिली. आयात तुम्ही केलीत.”

वामनने कंटेनर परत पाठवायची परवानगी मागितली; दुसऱ्याच्या ठशाचा माल तसाच देशाबाहेर पाठवता येत नाही, असं उत्तर आलं. पानं घासून काढतो म्हणाला, तेही नाही. तेव्हा कस्टमची कागदपत्रं बघणाऱ्या त्याच्या दलालाने त्याला एक बारीक वाट दाखवली. ज्याचा ठसा, त्याला कस्टमचं पत्र जातं. त्याने ठरलेल्या मुदतीत यायचं, हमीचा बाँड लिहून द्यायचा, आणि हा माल माझा नाही असं सांगायचं. तो आलाच नाही, तर मालाची अडवणूक उठते.

म्हणून वामन आप्पांकडे गेला होता.

“तुमची सही नको, शिफारस नको,” तो म्हणाला. “पत्र आलंय ते पडू द्या. जाऊ नका, एवढंच. तुम्ही गेलात तर माल जाईल, दंड बसेल, वर ठशाचा खटला. माझं वर्कशॉप उठेल, आप्पा.”

आप्पा ऐरणीशी टेकून बसले होते. त्यांनी विचारलं, “ओतीव की घडीव?”

“ओतीव. पण चाचणी करून पाठवतात म्हणे.”

“कोण म्हणे?”

“पाठवणारे.”

आतून आलेला चहा आप्पांनी वामनपुढे सरकवला, मुलांची चौकशी केली. वामनने त्या पाहुणचाराचा आपल्याला हवा तो अर्थ घेतला आणि हलक्या पावलांनी घरी गेला.

मुदत संपायच्या आत आप्पा कस्टमच्या गोदामात हजर झाले. वामनलाही बोलावणं होतं. तिथल्या अधिकारी बाईंनी पेटी उघडायला लावली आणि एक हूक आप्पांच्या हातात दिला.

“तुमचा का, आजोबा?”

“ठसा माझा,” आप्पा म्हणाले. “माल माझा नाही.”

“कशावरून?”

आप्पांनी हूक फरशीवर ठेवला, हमालाकडून घण मागून घेतला आणि एकच घाव घातला. हुकाचे दोन तुकडे झाले. तुटलेली बाजू त्यांनी बाईंना दाखवली. ती गुळाच्या ढेपेसारखी दाणेदार होती. “घडवलेला असता तर वाकून उघडला असता, तुटला नसता,” ते म्हणाले. मग त्यांनी तो तुकडा नाकाशी नेला. त्यावर लावलेल्या तेलाचा उग्र वास होता. ते वामनकडे वळले, आणि आवाज न चढवता त्यांनी विचारलं, “माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा भट्टीपुढचं माझं दुकान तू सांभाळलंस. त्या वेळी मागच्या मांडणीला हाच वास यायचा. मी म्हटलं, औषधाचा असेल. असलेच हूक तिथं ठेवलेस?”

वामनने फरशीवरचा दुसरा तुकडा उचलून पेटीत टाकला.

“किती ते विचारत नाही. ठेवलेस का?”

“मागणी होती, आप्पा. तुम्ही अंथरुणावर. गिऱ्हाईक परत जात होतं.”

“माझ्या मालात मिसळलेस?”

“हो.”

आप्पांनी बाँडवर सही केली. माल नष्ट करण्याचा खर्चही ठसेवाल्यालाच द्यावा लागतो, हे बाईंनी थोड्या संकोचाने सांगितलं. त्यावर ते फक्त म्हणाले, “बरोबर आहे. नाव माझं आहे.”

माल जप्त झाला. वामनला दंड झाला, ठशाचा खटला उभा राहिला, आयातीचा परवाना गोठवला गेला. त्याला दुःख झालं ते मात्र एकाच गोष्टीचं. ज्यांच्या पायाशी बसून आपण धंदा शिकलो, त्यांना नुसतं गप्प बसणंही आपल्यासाठी जमलं नाही. गावात तो सांगत सुटला, “बाहेरच्यानं दगा दिला असता तर एक वेळ समजलो असतो.” ऐकणारे मान हलवीत. काही जण तर म्हणत, “म्हातारपणी माणूस हेकट होतो, वामनराव.”

माल चेपून टाकण्याचा दिवस आला. बंदराबाहेरच्या भंगारवाल्याच्या आवारात लोखंड चेपायचं मोठं प्रेस होतं. तिथे बाईंच्या देखरेखीखाली पेट्या रिकाम्या होऊ लागल्या. वामन भिंतीशी उभा होता. इतक्यात एक टेम्पो आत आला. पुढे ड्रायव्हरशेजारी आप्पा बसले होते. मागे त्यांच्या दुकानातला झाडून सगळा माल होता. त्यात जुन्या मांडणीवरचे हूक होते, आणि परवा भट्टीतून निघालेलेही.

“हेही घाला,” ते प्रेसवाल्याला म्हणाले.

बाई पुढे आल्या. “आजोबा, हा तुमचा खरा माल आहे. हा आम्ही जप्त केलेला नाही. मला हा घेता येणार नाही.”

“तुम्ही घेऊ नका. तुमचं संपलं की माझं वेगळं बिल होईल. भंगारवाला काय, लोखंडाला नाही म्हणणार नाही.”

सरकारी माल चेपून झाला. मग आप्पांचा चढला. घडीव लोखंड प्रेसमध्येही लवकर हार मानत नव्हतं. ओतीव माल फटाफट फुटला होता. हे हूक कण्हल्यासारखा आवाज करत दुमडत होते. मधूनच एखादा कडकन तुटे, आणि तो आवाज आला की आप्पा डोळे मिटत. वामनला ते बघवेना. यातला कितीतरी माल त्याने स्वतः ऐरणीवर धरलेला होता.

“आप्पा, थांबवा हे,” तो म्हणाला. “माझा राग माझ्यावर काढा. खरा माल कशाला मोडता?”

आप्पा म्हणाले, “खरा कुठला, दाखव.”

वामनने ढिगातले हूक उचलले, ठेवले. एकच रंग, वजनही तेच. वास कधीच उडून गेला होता.

“तुला सांगता येत नाही, मला येत नाही,” आप्पा म्हणाले. “तोडला की कळतं, आणि तुटल्यावर कळून काय करायचं? अरे, गिऱ्हाईक हूक तोडून बघत नाही. तेवढं त्याला करावं लागू नये, म्हणून तर ठसा असतो. ठसा मारला याचा अर्थ, बाबा रे, तू बघू नकोस, मी बघितलंय. तुझा माल मी बघितला नव्हता, तूही बघितला नव्हतास. तेव्हा ते पान खोटं झालं. आणि पान एकाच हुकावर खोटं होत नाही वामन, सगळ्यांवर होतं. काल रात्री मी ठसा तापवून चेपून टाकला.”

वामन म्हणाला, “पण मी तर उद्ध्वस्त झालो, आप्पा. सगळा माल गेला.”

“हा गेला ते तुझं नशीब,” आप्पा म्हणाले. “हा आता कोणाच्या डोक्यावर पडणार नाही. तू रडतोस तो पकडलेल्या मालासाठी. जो सुटला, तो कुठाय?”

एवढं बोलून ते टेम्पोत जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी वामन पहिल्या खेपेच्या शोधात निघाला. ज्या दुकानांत त्याने माल दिला होता तिथे तो हात जोडून गेला. एक दुकानदार म्हणाला, “कधीच विकला. कोणी नेला? रोखीचं गिऱ्हाईक, नाव कोण विचारतंय.” दुसऱ्याकडे थोडे हूक शिल्लक होते, पण तो देईना. “आप्पांनी भट्टी विझवली म्हणतात. आता या पानाला दुप्पट भाव आलाय, आणि तुम्ही परत मागता? बरे भेटलात.” वामनने खरं काय ते सांगितलं. दुकानदार हसला. “स्वतःच्या गुरूच्या मालाला खोटा म्हणता होय? त्यांनी कोर्टात खेचलं म्हणून?”

खोटा माल खपवताना त्याचा शब्द सगळ्यांनी खरा मानला होता. आता तो खरं बोलत होता, तर कोणी ऐकत नव्हतं.

गावाबाहेर एका इमारतीचं काम चाललं होतं. वामन तिथून जात असताना त्याला चेनकप्पी दिसली. हुकावर बेलाचं पान होतं. तो मुकादमाजवळ गेला.

“हा हूक मला द्या. बदल्यात नवा देतो, माझ्या हातचा, घडीव.”

“चक्राचा?” मुकादमाने विचारलं.

“हो.”

“आणि आप्पांचा काढून देऊ? काय राव, सकाळी सकाळी चेष्टा करता.”

“तो बहुतेक आप्पांचा नाही.”

मुकादमाने मान वर करून पाहिलं. “पान तर दिसतंय की.”

वामननेही वर पाहिलं. ज्या हातांनी ते पान हजारदा उमटवलं होतं, त्या हातांच्या मालकाला ते आप्पांचं की आपल्या खोट्या मालावरचं, हे सांगता येत नव्हतं. ज्या गोष्टीवर आपलाही हक्क आहे म्हणून आपण आयुष्यभर कुढलो, ती आपण कायमची नाहीशी केली, आणि त्या म्हाताऱ्याने प्रेसखाली लोखंड नव्हे, आपलं नावच घातलं होतं, हे त्याला तिथे उभं राहून समजलं.

खाली बायका पाट्या भरत होत्या. सिमेंटची गोणी वर गेली, वरच्या माणसाने ती आत ओढून घेतली, आणि रिकामा हूक डुलत खाली आला.

“बाजूला व्हा शेठ,” मुकादम म्हणाला, आणि दुसरी गोणी अडकवायला सांगितली.