पडद्याखालून आलेली धुरपदा

पडद्यावरची चित्रं हलायला लागली होती पण अजून बोलायला लागली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. नदीकाठच्या दहिगुळी गावात धुरपदा नावाची पोरगी होती. बाप अंथरुणाला खिळलेला, म्हणून त्याची होडी तीच चालवायची. गाव कुरकुरायचं, पण पलीकडं जायचं तर तिच्याच होडीत बसायचं. तिच्या डाव्या भुवईवर वल्हं लागल्याची मोठी खूण होती.

एकदा गावात सिनेमावाले आले. त्या काळी बाईनं सिनेमात काम करणं म्हणजे अब्रूच गेली, म्हणून नायिकासुद्धा पुरुषच, मिशा काढून लुगडं नेसलेला एक मास्तर. कड्यावरून डोहात उडी मारायची म्हटल्यावर या नायिकेचे पाय लटपटायला लागले. धुरपदेला हसू आवरेना. "आणा ते लुगडं हिकडं," ती म्हणाली आणि तिनं उडी टाकली. असं म्हणतात, डोहाचं पाणी कड्यापर्यंत उसळलं आणि तिला अलगद काठावर ठेवून गेलं.

पुढच्या जत्रेत तोच सिनेमा तंबूत लागला. चित्र आरपार दिसावं म्हणून ओला केलेला पडदा मधोमध टांगायचा, पुरुषांनी पुढं बसायचं आणि बायांनी पडद्यामागं, अशी रीत होती. बायांना सगळं उलटं दिसायचं, डावं उजवीकडं आणि उजवं डावीकडं. त्याचं कुणाला काही वाटत नसे.

उडी झाली, पाण्यातून वर आलेला चेहरा पडदाभर पसरला. धुरपदा हादरली. आपण एवढ्या मोठ्या आहोत हे तिला कधी कुणी सांगितलंच नव्हतं!

"आरं, ही तर आपली धुरपदा!" पुरुषांतून कुणीतरी ओरडलं.

रावजी पाटील ताडकन उठले. "गावची पोर पडद्यावर? ती आसंल तर उद्यापासनं तिची होडी बंद!"

पडद्यावरच्या पाट्या वाचून दाखवणारा माणूस घाईघाईनं म्हणाला, "नाही हो पाटील, नायिकेचं काम आमच्या मास्तरांचं. पहिल्याच पाटीवर नाव आहे की!" मागच्या बायाही म्हणाल्या, खूण उजव्या भुवईवर आहे, ही ती नव्हेच. शेजारी बसलेल्या ठकूमावशीनं धुरपदेचा हात दाबला. "गप ऱ्हा बाई. सुटलीस."

खरंच सुटली होती. नुसतं गप्प बसायचं होतं. पण पाण्याला घाबरलेला तो मास्तर, आणि उडी त्याची? तिच्या अंगाचा तिळपापड झाला. तिनं हात सोडवला, पडद्याचा काठ उचलला आणि खालून पुरुषांच्या बाजूला आली. बाई, आणि पुढं!

"उडी माझी हाय," ती म्हणाली. "त्वांडबी माझंच. आता होडी बंद करायची तर करा."

असं म्हणतात, मशीनचा दिवा विझला तरी तो चेहरा विझला नाही, आणि पडद्यातून ठिबकणारं पाणी पाटलांच्या गुडघ्यापर्यंत चढलं.

पाटलांनी शब्द खरा केला. सकाळी होडीला साखळदंड घातला. धुरपदेनं बापाला पाठीवर बांधलं आणि गावादेखत पोहत नदी ओलांडली. पुढं ती सिनेमात गेली म्हणतात, पण परत काही आली नाही. गावाला फार चुटपुट लागली.

दहिगुळीच्या जत्रेत आजही पडदा बांधतात. आधी सगळ्या बाया त्याच्यामागं जमतात. मग एकेक जण काठ उचलून पुढं येते, स्वतःचं नाव खणखणीत आवाजात सांगते आणि पहिल्या रांगेत बसते. पाटलांच्या घरच्या सुनासुद्धा येतात. शेवटची बाई बसेपर्यंत पुरुष उभे असतात आणि तोवर मशीन सुरू होत नाही.