एकमेकांची चाकरी

चांदेवाडीच्या चर्चमध्ये नवे पाळक अमोलिक साहेब आले. ते दर रविवारी "प्रभूने तुम्हाला मोकळं केलंय!" असं गरजायचे आणि दर शनिवारी त्याच मोकळ्या बायांकडून आपला बंगला झाडूनपुसून घ्यायचे. एका शनिवारी तबिथाबाई भिंगारदिवे गेलीच नाही. दुसऱ्या दिवशी साहेबांनी तिला भर उपासनेत उभं केलं.

"चाकरीला नकार? मग आज तुला प्रभुभोजन मिळणार नाही!"

येशूच्या आठवणीत वाटली जाणारी ती भाकर तबिथाबाईने आजवर कधी चुकवली नव्हती. तरी ती म्हणाली, "साहेब, आम्ही मोकळ्या आहोत ना?"

"मोकळीक म्हणजे मनमानी नव्हे! बायबलात संत पौल काय सांगतो? मोकळे झालात, तर प्रेमाने एकमेकांची चाकरी करा!"

"मागच्यांना ऐकू गेलं नाही, साहेब."

साहेब ओरडले, "एकमेकांची चाकरी करा!"

"बरोबर, एकमेकांची. सहा महिने आम्ही तुमची केली, आता तुम्ही आमची करा. येत्या शनिवारी माझ्या गोठ्यातलं शेण काढायला या. पाटी मी देईन."

बायांनी तोंडाला पदर लावले, तरी हसू बाहेर फुटलंच. साहेबांनी घाईघाईने गीत सुरू केलं, तेही भलतंच. आणि त्या दिवशी प्रभुभोजनाची भाकर सगळ्यांत आधी तबिथाबाईच्या हातावर पडली.